रीस्टार्ट केलं की 'मीडिया ऑफलाइन': लिनक्सवर आणलेली कुलूपबंद डिस्क कशी मार्गी लावायची

लक्षण ठरलेलं आहे. संध्याकाळी केडेनलाइव्ह या व्हिडिओ संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये हळदीचा भाग कापून ठेवला, मशिन बंद केलं. सकाळी उघडलं तर टाइमलाइनवर क्लिपच्या जागी 'फाइल सापडत नाही'. डिजिकॅममधले फोटोंचे अल्बम गायब, जेलीफिन या घरच्या मीडिया सर्व्हरची लायब्ररी रिकामी, गाण्यांच्या यादीतलं एकही गाणं वाजत नाही. फायली मात्र डिस्कवर जशाच्या तशा असतात. मग एक सॉफ्टवेअर काढून दुसरं टाकलं जातं, क्लिपा पुन्हा जोडल्या जातात, आणि दोन दिवसांनी तीच तक्रार परत येते.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला. मोजके अपवाद सोडले तर इंटेलच्या आठव्या पिढीआधीच्या मशिनवर विंडोज ११ अधिकृतपणे चढत नाही. कोल्हापूरच्या राजारामपुरी-शाहूपुरीतल्या एखाद्या स्टुडिओत सहाव्या-सातव्या पिढीचं धडधाकट मशिन असेल, तर त्यावर लिनक्स मिंट किंवा उबुंटू टाकणं हा शहाणपणाचा मार्ग आहे. अडचण लिनक्सची नसते, आधीपासून बिटलॉकरनं, म्हणजे विंडोजच्या डिस्क-एन्क्रिप्शननं, कुलूपबंद असलेल्या डिस्कची असते.

सॉफ्टवेअरला फाइल दिसायला चार गोष्टी याच क्रमानं जुळाव्या लागतात: कुलूप उघडलेलं हवं, डिस्क नेहमीच्याच ठिकाणी जोडलेली हवी, त्या सॉफ्टवेअरला तिथं शिरायची परवानगी हवी, आणि शेवटी कोडेक, म्हणजे तो व्हिडिओ-आवाजाचा प्रकार उलगडणारा भाग, हवा. तक्रार जवळजवळ नेहमी चौथ्याची केली जाते आणि दोष पहिल्या किंवा दुसऱ्यात असतो. म्हणून तपासणी पहिल्यापासून सुरू करा. फाइल मॅनेजरमध्ये डिस्क उघडते का? वरच्या पत्त्याच्या पट्टीत कालचाच पत्ता आहे का? तीच फाइल दुसऱ्या प्लेयरमध्ये चालते का? या तीन प्रश्नांत निम्मा निकाल लागतो.

विंडोज पुसायच्या आधी

इथली चूक नंतर कुणालाच दुरुस्त करता येत नाही, म्हणून घाई नको. विंडोज होम असेल तर 'आपल्याकडे बिटलॉकर नाहीच' असं समजू नका. होममध्ये तेच काम 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' या नावानं चालतं, आणि विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून नव्यानं टाकलेल्या विंडोजवर ते बहुतेक मशिनना आपोआप सुरू होतं. सेटिंग्जमध्ये हे नाव शोधा. प्रो आवृत्तीत कंट्रोल पॅनेलमधलं 'बिटलॉकर ड्राइव्ह एन्क्रिप्शन' उघडा. प्रत्येक ड्राइव्हची रिकव्हरी की (पासवर्ड नसला तरी कुलूप उघडणारा अंकांचा संच) वेगळी असते, प्रत्येकीची प्रत घ्या. डिव्हाइस एन्क्रिप्शनची की मायक्रोसॉफ्टच्या खात्यात जाते. मशिन विकणाऱ्यानं किंवा दुरुस्त करणाऱ्यानं स्वतःच्या खात्यानं विंडोज सुरू करून दिलं असेल, तर की त्याच्या खात्यात असण्याची शक्यता धरून चला.

की कागदावर लिहिताना एक पडताळणी करता येते. ती ४८ अंकांची, सहा-सहा अंकांच्या आठ गटांत असते, आणि प्रत्येक गटाला ११ नं निःशेष भाग जातो. भाग गेला नाही तर त्या गटातला एखादा अंक चुकीचा उतरला आहे. फोटोत ३ आणि ८ सारखे दिसत असतील तेव्हा ही युक्ती फार उपयोगी पडते.

ज्या ड्राइव्हवर काम चालू आहे तिचं कुलूप विंडोजमध्येच पूर्ण काढून टाकणं सर्वांत सोपं. पण ते शंभर टक्के होऊ द्या. डिक्रिप्शन ६० टक्क्यांवर असताना मशिन बंद करून डिस्क लिनक्सला लावली तर ती उघडत नाही, कारण लिनक्सवर कुलूप उघडणारा क्रिप्टसेटअप हा प्रोग्रॅम अर्धवट कुलूप काढलेली बिटलॉकर डिस्क स्वीकारतच नाही. डिस्क खराब झालेली नसते. परत विंडोजला लावा आणि काम संपेपर्यंत थांबा. पावसाळ्यात वीज केव्हाही जाते, त्यामुळे यूपीएस असल्याशिवाय हे काम सुरू करू नका.

विंडोज ठेवून शेजारी लिनक्स टाकायचं असेल तर आधी बिटलॉकर 'सस्पेंड' करा, मग इन्स्टॉल, मग पुन्हा चालू. न केल्यास विंडोज प्रत्येक वेळी रिकव्हरी की मागू शकतं. मशिनमधली टीपीएम ही सुरक्षा चिप बूटची साखळी मोजून बघते आणि मध्ये ग्रब (लिनक्सचा बूट प्रोग्रॅम) आला की ती मोजणी जुळत नाही. सगळं करूनही की मागणं थांबलं नाही, तर विंडोज ग्रबच्या यादीतून सुरू न करता मशिनच्या स्वतःच्या बूट मेनूतून सुरू करा. मशिनच्या सेटिंगमधलं 'सिक्युअर बूट' मध्येच चालू-बंद केलं तरी हाच प्रकार होतो.

बिटलॉकरची डिस्क लिनक्सवर उघडत नाही

बिटलॉकर वाचण्याची सोय क्रिप्टसेटअपच्या २.३ आवृत्तीपासून, म्हणजे २०२० पासून आहे. आजच्या मिंट-उबुंटूवर वेगळं काही टाकावं लागत नाही. फाइल मॅनेजरमध्ये डिस्कवर क्लिक केलं की पासवर्ड विचारला जातो.

डिस्क बाहेरची असेल तर विंडोजमध्ये ठेवलेला पासवर्ड चालतो. मशिनच्या आतली सी ड्राइव्ह काढून केसिंगमध्ये घातली असेल तर तिला पासवर्डच नसतो, तिचं कुलूप टीपीएम उघडत होतं. तिथं फक्त रिकव्हरी की चालते, आणि ती पासवर्डच्याच रकान्यात टाकायची. मधले डॅश गाळू नका: ४८ अंक आणि ७ डॅश, एकूण ५५ चिन्हं पूर्ण हवीत. 'की चुकीची आहे' या तक्रारीमागे बऱ्याचदा गाळलेले डॅश असतात. तरीही उघडली नाही तर की दुसऱ्या ड्राइव्हची आहे का ते बघा. विंडोज दाखवतं त्या 'की आयडी'ची पहिली आठ चिन्हं कागदावरच्या आयडीशी जुळली पाहिजेत.

पासवर्डात @ किंवा दुहेरी अवतरण असेल आणि लिनक्स टाकताना कीबोर्ड 'इंग्लिश यूके' निवडला गेला असेल, तर ही दोन चिन्हं अदलाबदल होतात. आपल्याकडचे कीबोर्ड यूएस मांडणीचे असतात, तीच निवडा. मराठी इनस्क्रिप्ट चालू राहिलं तरी पासवर्ड चुकतो.

उघडते, पण लिहिता येत नाही

कुलूप निघालं तरी आतली एनटीएफएस, म्हणजे विंडोजची फाइल साठवण्याची पद्धत, उरतेच. 'राँग एफएस टाइप, बॅड सुपरब्लॉक' असा संदेश आला किंवा डिस्क फक्त वाचण्यापुरती जोडली गेली, तर विंडोजनं ती नीट सोडलेली नाही. फास्ट स्टार्टअप चालू असताना 'शट डाउन' हे पूर्ण बंद होणं नसतं, विंडोज अर्धं झोपलेलं असतं. पॉवर ऑप्शन्समधून फास्ट स्टार्टअप बंद करा, ड्राइव्हच्या प्रॉपर्टीजमधून एकदा 'चेक' चालवा आणि मगच डिस्क हलवा. लिनक्सवरचं एनटीएफएसफिक्स डिस्क नीट न सोडल्याची खूण पुसतं, पण खरी दुरुस्ती करत नाही. लग्नाचं एकमेव फुटेज असलेल्या डिस्कवर ते वापरू नये असं आमचं स्पष्ट मत आहे.

मूळ दुखणं: पत्ता बदलतो

फाइल मॅनेजरमधून उघडलेली डिस्क मिंट-उबुंटूवर 'मीडिया' फोल्डरच्या आत, तुमच्या युजरच्या नावाखाली, डिस्कच्या लेबलनं जोडली जाते. लेबल नसेल तर लांबलचक क्रमांकानं. केबल तशीच ओढून काढली आणि जुनं फोल्डर मागं राहिलं, की पुढच्या वेळी तीच डिस्क नावाला '1' चिकटवून येते. काल 'काम' होती, आज 'काम1'. केडेनलाइव्हच्या प्रोजेक्टमध्ये जुनाच पत्ता लिहिलेला असतो, त्यामुळे त्याच्या दृष्टीनं फाइल नाहीच. आणि सकाळी कुणी क्लिक करून कुलूपच उघडलं नसेल तर पत्त्याचा प्रश्नही येत नाही.

उपाय: रोजच्या कामाची डिस्क एका पक्क्या पत्त्यावर, मशिन सुरू होतानाच उघडू द्या. मिंटमधलं 'डिस्क्स' उघडा, डाव्या बाजूला डिस्क निवडा, विभागावर क्लिक करून दातेरी चाकाचं बटण दाबा. लक्स या लिनक्सच्या स्वतःच्या डिस्क-कुलुपासाठी (त्यावर कसं जायचं ते पुढं आहे) 'एडिट एन्क्रिप्शन ऑप्शन्स'मध्ये सुरुवातीलाच उघडण्याची खूण करून पासवर्ड द्या. आतल्या विभागासाठी 'एडिट माउंट ऑप्शन्स'मध्ये आपोआप सेटिंग बंद करून 'एमएनटी' फोल्डरखाली 'kaam' सारखा छोटा, जागा न सोडता रोमन लिपीत लिहिलेला पत्ता द्या. ओळख यूयूआयडीवरून (विभागाच्या कायमच्या क्रमांकावरून) ठेवा, 'एसडीबी' सारख्या नावावरून नको, कारण ती नावं यूएसबीच्या क्रमानुसार बदलतात.

पर्यायांच्या ओळीत 'नोफेल' हा शब्द राहू द्या. तो काढला आणि डिस्क लावलेली नसली, तर मशिन ९० सेकंद वाट बघतं आणि इमर्जन्सी मोडमध्ये जाऊन बसतं. ऐन लगीनसराईत हा काळा पडदा बघून लोक लिनक्सच काढून टाकतात.

इथं दिलेला पासवर्ड सिस्टिम डिस्कवर एका फाइलमध्ये साध्या रूपात राहतो, फक्त प्रशासकाला वाचता येईल असा. म्हणून सिस्टिम डिस्कसुद्धा एन्क्रिप्ट केलेलीच हवी. नाहीतर कुलूप लावून किल्ली दाराच्या चौकटीवर ठेवल्यासारखं होतं. दुसरं कारण: थंबनेल आणि केडेनलाइव्हच्या प्रॉक्सी (संपादनासाठीच्या हलक्या प्रती) मूळच्या सेटिंगमध्ये होम फोल्डरच्या कॅशेत जातात. फुटेज कुलुपात, आणि ग्राहकाच्या घरच्या समारंभाच्या छोट्या प्रती उघड्यावर, असं व्हायला नको.

आणखी एक छुपा घात सांगायचा राहतो. पक्का पत्ता दिला पण डिस्क उघडली नाही, तर तो पत्ता म्हणजे सिस्टिम डिस्कवरचं एक रिकामं फोल्डर उरतं. कॉपीचा प्रोग्रॅम त्यातच ८० जीबी ओततो, सिस्टिम डिस्क भरते, मशिन अडतं. डिस्क जोडलेली नसताना त्या रिकाम्या फोल्डरवर 'चॅटर' (chattr) आज्ञेनं 'आय' (+i) खूण लावून ठेवा. मग त्यात कुणालाच काही लिहिता येत नाही, डिस्क मात्र त्यावर व्यवस्थित जोडली जाते.

बिटलॉकर ठेवायचं की लक्सवर जायचं

महिन्यातून एकदा उघडायची जुनी डिस्क बिटलॉकरमध्येच राहू द्या, हातानं उघडा. रोजचं संपादन ज्यावर चालतं ती डिस्क लक्स आणि ईएक्सटी४ (लिनक्सची फाइल साठवण्याची पद्धत) वर आणा. बिटलॉकर डिस्क जागच्या जागी लक्स होत नाही, तेवढ्याच आकाराची दुसरी रिकामी डिस्क लागते. 'डिस्क्स'मध्ये फॉरमॅट करताना ईएक्सटी४ निवडून पासवर्डची खूण केली की लक्स तयार. ४ टीबी कॉपीला सेकंदाला ११० एमबी धरले तर दहा तास लागतात. तीच डिस्क चुकून यूएसबी २ च्या पोर्टला लागली तर तीस तासांच्या पुढं. आरसिंक या कॉपीच्या प्रोग्रॅमनं कॉपी करा, नंतर त्यालाच चेकसमचा (मजकूर पडताळण्याचा) पर्याय देऊन पुन्हा एकदा फिरवा. दोन्ही बाजू तंतोतंत जुळल्याशिवाय जुनी डिस्क पुसू नका.

ईएक्सटी४ ठरलेल्या सेटिंगमध्ये ५ टक्के जागा प्रशासकासाठी राखून ठेवतं. ४ टीबीवर ते २०० जीबी होतात. साठवणीच्या डिस्कवर ट्यूनटूएफएस आज्ञेनं हे प्रमाण १ वर आणा.

मराठी नावांची खास अडचण कॉपी करतानाच समोर येते. ईएक्सटी४ वर फाइलचं नाव २५५ बाइटपर्यंत चालतं, आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. काना, मात्रा, हलन्त हीही स्वतंत्र चिन्हं. नुसत्या 'कोल्हापूर' या शब्दाची नऊ चिन्हं, २७ बाइट. म्हणजे मर्यादा ८५ चिन्हांची. एनटीएफएसवर चाललेलं 'पन्हाळा प्री-वेडिंग तबक उद्यान ते तीन दरवाजा' पासून पुढं वाढत गेलेलं नाव इथं 'फाइल नेम टू लाँग' म्हणून अडतं. फक्त होम फोल्डर कुलूपबंद करणारा ईक्रिप्टएफएसचा पर्याय निवडला असेल तर मर्यादा १४३ बाइट, म्हणजे ४७ चिन्हं. त्यापेक्षा पूर्ण डिस्कचं लक्स निवडा. ईएक्सटी४ लहान-मोठी रोमन अक्षरंही वेगळी मानतं, त्यामुळे 'Haldi' आणि 'haldi' ही दोन फोल्डर होतात.

प्रोसेसर जुना असेल तर आधी वेग बघा. दुसऱ्या-तिसऱ्या पिढीच्या आय३ मध्ये एईएसची (कुलुपामागच्या एन्क्रिप्शनची) हार्डवेअर सोय नाही. क्रिप्टसेटअपच्या 'बेंचमार्क'मध्ये एईएस-एक्सटीएसचा आकडा डिस्कच्या वेगापेक्षा कमी आला, तर कुलुपामुळे संपादन अडखळणार हे नक्की.

लक्सची डिस्क चुकून विंडोजला लावली की ते 'वापरण्यासाठी फॉरमॅट करा' असं विचारतं. कॅन्सल दाबा, घरच्या सगळ्यांना, स्टुडिओतल्या पोरांना हे सांगून ठेवा. एका क्लिकमध्ये लक्सचं हेडर (डिस्कच्या सुरुवातीचा, किल्ल्यांची माहिती असलेला भाग) जातं आणि हेडर गेलं की बरोबर पासवर्ड असूनही डिस्क उघडत नाही. त्यासाठी क्रिप्टसेटअपच्या हेडर बॅकअपच्या आज्ञेनं प्रत घ्या. लक्स२ ची ही प्रत साधारण १६ एमबीची असते. ती त्याच डिस्कवर ठेवून उपयोग नाही. पुढं पासवर्ड बदलला तर जुनी प्रत नष्ट करून नवी घ्या, कारण जुन्या प्रतीवर जुना पासवर्ड चालतच राहतो. ही प्रत, किल्ल्यांचा कागद आणि फुटेजची दुसरी डिस्क स्टुडिओच्या बाहेर असू द्या. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये पंचगंगेचं पाणी शाहूपुरी आणि व्हीनस कॉर्नरपर्यंत आलं होतं. तळमजल्यावरच्या कपाटात ठेवलेल्या दोन प्रती अशा वेळी एकच प्रत ठरतात.

तुम्हाला दिसते, सॉफ्टवेअरला नाही

फाइल मॅनेजरमध्ये सगळं दिसतं, पण जेलीफिनला काहीच नाही. जेलीफिन स्वतःच्या वेगळ्या युजरखाली चालतं आणि 'मीडिया'खाली तुमच्या नावानं जोडलेली डिस्क फक्त तुमच्यासाठी उघडी असते. डिस्क 'एमएनटी'खाली आणा, फोल्डरना जेलीफिनच्या गटाला वाचण्याची परवानगी द्या, आणि सिस्टमडी या प्रोग्रॅम सुरू करणाऱ्या यंत्रणेत 'रिक्वायर्स माउंट्स फॉर'ची ओळ घाला म्हणजे डिस्क जोडल्यावरच ते सुरू होईल. स्नॅप या पॅकेज प्रकारातून टाकलेल्या प्रोग्रॅमला 'रिमूव्हेबल मीडिया'ची परवानगी वेगळी द्यावी लागते, आणि ती 'एमएनटी'लाही लागू आहे. फ्लॅटपॅक या दुसऱ्या पॅकेज प्रकारासाठी फ्लॅटसील हे परवानग्यांचं साधन उघडून त्या प्रोग्रॅमला तो पत्ता द्या.

डिजिकॅममध्ये बाहेरची डिस्क 'रिमूव्हेबल' या प्रकारात जोडा आणि त्याचा डेटाबेस मात्र सिस्टिम डिस्कवर ठेवा. स्ट्रॉबेरी या गाण्यांच्या प्लेयरमध्ये सापडत नसलेली गाणी 'अनुपलब्ध' म्हणून ठेवण्याची खूण करा, म्हणजे एका सकाळी कुलूप उघडायला विसरलं तरी वर्षांची यादी पुसली जात नाही. केडेनलाइव्हमधल्या तुटलेल्या क्लिपा एकेक जोडत बसू नका. हरवलेल्या क्लिपांच्या खिडकीत फोल्डर शोधण्याचं बटण आहे, ते नाव बदललेली फाइलही मजकुराच्या ठशावरून ओळखतं.

आता कोडेक, आणि कोणतं सॉफ्टवेअर

मिंट टाकताना मल्टिमीडिया कोडेकची खूण करा. उबुंटूवर रिस्ट्रिक्टेड एक्स्ट्राज टाका, फेडोरावर आरपीएम फ्यूजन. पाहण्यासाठी व्हीएलसी किंवा एमपीव्ही, फोटोसाठी डिजिकॅम, रॉ फायलींना डार्कटेबल. यात फार विचार करण्यासारखं काही नाही.

विचार संपादनाचा करावा लागतो. दाविंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती लिनक्सवर एच.२६४ आणि एच.२६५ उघडत नाही, एएसी आवाज घेत नाही. कॅमेऱ्यातून थेट आणलेली एमपी४ टाकली की चित्र नाही, आवाज नाही, 'मीडिया ऑफलाइन'. डिस्कचा दोष वाटतो तो इथला. क्लिपा आधी शटर एन्कोडरमधून डीएनएक्सएचआर या संपादनाच्या प्रकारात, पीसीएम (न दाबलेल्या) आवाजासह बदलून घ्याव्या लागतात. १०८०पी, २५ फ्रेमवर एसक्यू दर्जाला तासाला सुमारे ५४ जीबी, एचक्यूला ८३. तीन कॅमेऱ्यांचं चार तासांचं लग्न एसक्यूमध्ये ६५० जीबी घेतं. एवढी जागा कुलूपबंद डिस्कवर आहे का, हे आधी मोजा. ग्राहकाला द्यायची एच.२६४ शेवटी हँडब्रेकमधून काढा.

म्हणून लग्नाच्या नेहमीच्या कामाला आमची पसंती केडेनलाइव्हला. ते कॅमेऱ्याच्या फायली थेट घेतं. दहा-बिट एच.२६५ अडखळत असेल तर प्रॉक्सी चालू करा. इंटेलच्या सहाव्या पिढीत दहा-बिट एच.२६५ ची हार्डवेअर सोय नाही, सातवीपासून आहे, आणि ४:२:२ (रंगाची जास्त माहिती साठवणारा प्रकार) असेल तर सातवीलाही जमत नाही. ते डिस्कच्या माथी मारू नका. अंबाबाईच्या किरणोत्सवासारखं अंधारातलं दहा-बिट चित्रण रंगवायचं असेल तर मात्र रिझॉल्व्हचा खटाटोप सार्थकी लागतो.

मराठी शीर्षकांच्या जागी चौकोन आले तर नोटो किंवा लोहित देवनागरी टाका, आणि व्हीएलसीच्या सबटायटल सेटिंगमध्ये तोच फॉन्ट निवडा. रोमन अक्षरांची भेंडोळी दिसली तर मजकूर युनिकोडमध्ये नाही. जुन्या फॉन्टची टीटीएफ फाइल लिनक्सवर टाकली की तो वाचता येतो, नवं मात्र युनिकोडमध्येच लिहा.

फोटोशॉप, प्रीमियर आणि एडियस लिनक्ससाठी नाहीत, आणि प्रीमियरचा प्रोजेक्ट केडेनलाइव्हमध्ये सरळ उघडत नाही. चालू कामं विंडोजवरच संपवा. अल्बमच्या पीएसडीवर (फोटोशॉपच्या फायलींवर) स्टुडिओ चालत असेल तर एक विंडोज मशिन ठेवा आणि दोघांमध्ये फिरणारी डिस्क व्हेराक्रिप्ट या दोन्हीकडे चालणाऱ्या कुलुपात, आत एक्सफॅट फॉरमॅट करून वापरा. तिच्यावर दोन्हीकडे लिहिता येतं. फक्त काढताना आधी 'डिसमाउंट', मग 'इजेक्ट', मग केबल. एक्सफॅटला जर्नल (चालू लिखाणाची नोंदवही) नसतं, केबल आधी ओढली तर शेवटी कॉपी केलेल्या फायली अर्धवट राहतात.